राजाचा कप आणि दसऱ्याचं गिऱ्हाईक

प्रश्न: काका, साताऱ्यात राजपथावर आमचं भेटवस्तूंचं छोटं दुकान आहे. २०२३ ला भाचीने लंडनहून चार्ल्स राजाच्या राज्याभिषेकाचा कप आणला, तारीख घातलेला. येणारा प्रत्येक जण तो हातात घेऊन बघतो. म्हणून यंदाच्या शाही दसऱ्याला साल छापलेले दोनशे कप करून घ्यावेत असं मनात आहे. हे म्हणतात, पैसे अडकतील. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, साल छापू नका. आमच्या घराला त्याचा चटका बसलाय.

१९७४ ला शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली, तेव्हा मी चौदा वर्षांचा. खणआळीत आमचं कापडाचं दुकान. वडिलांनी परगावाहून साल घातलेली भगवी उपरणी छापून मागवली. गठ्ठा आला तो सोहळा उलटून चौथ्या दिवशी. छपाई सुरेख, राजमुद्रा ठसठशीत. गिऱ्हाईक उपरणं उलगडायचं, काठ बोटांत धरून बघायचं, आणि सालावर नजर गेली की घडी घालून परत ठेवायचं. पुढे दहा-बारा वर्षं आमच्या चोपड्या त्याच उपरण्यांत बांधलेल्या असायच्या.

इंग्लंडात तर याहून मोठा घोळ झाला. आठव्या एडवर्डचा राज्याभिषेक १२ मे १९३७ ला ठरला होता, त्याच्या नावाचे कप कधीच बाजारात आले होते. डिसेंबर १९३६ मध्ये त्याने गादी सोडली. दिवस तोच राहिला, पण मुकुट चढला धाकट्या भावाच्या, सहाव्या जॉर्जच्या डोक्यावर.

आता गर्दी आणि गल्ला. २९ एप्रिल २०११ ला विल्यम आणि केटचं लग्न झालं, देशाला सुट्टी मिळाली. त्या महिन्यात तिथली किरकोळ विक्री वाढली. ईस्टर होता, ऊन चांगलं पडलं होतं, त्याचाही हात होता. पण मे महिन्यात तीच विक्री १.४ टक्क्यांनी खाली आली. लोकांनी पुढची खरेदी आधी उरकली होती. खणआळीत मी हे दरवर्षी बघायचो. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात फेट्याचं कापड फाडून फाडून मनगट दुखायचं. मग राजघराण्याच्या जलमंदिर वाड्यातून भवानी तलवार निघायची, पोवई नाक्यावर शिवतीर्थाकडे सगळा गाव लोटायचा, आणि आमच्या आळीत शुकशुकाट. त्या संध्याकाळी पैसे सुटतात ते झेंडू, आपट्याची पानं, भेळ, पाण्याची बाटली आणि पोरांचे फुगे यांवर. कडेवर पोर घेऊन मिरवणूक बघणारी बाई कप घेऊन ठेवणार कुठे?

ओढ मात्र खरी असते, तिला कमी लेखू नका. तलवार समोरून जाताना मला आजही भरून येतं. २ जून १९५३ ला एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक ब्रिटनमध्ये दोन कोटींवर लोकांनी टीव्हीवर पाहिला, त्यातले बरेचसे दुसऱ्याच्या घरी बसून. त्या सोहळ्यापायी कितीतरी घरांत टीव्ही आला. तो टिकला, कारण दुसऱ्या दिवशीही लावता येत होता. तुमचा कपही असाच रोजच्या चहाचा व्हायला हवा.

तेव्हा चाळीस कप करा, दोनशे नाही. अजिंक्यताऱ्याचं रेखाचित्र, खाली 'सातारा', बस्स. दसऱ्याला गेले तर उत्तम, नाही तर दिवाळीत माहेरवाशिणी आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे नेतील. माल घटस्थापनेच्या आधी दुकानात पोचलाच पाहिजे, हे छापणाऱ्याकडून लेखी घ्या.

त्याआधी एक करा. भाचीचा कप आहे तिथेच ठेवा आणि शेजारी वही ठेवा. आठवडाभर दोन रकाने भरा: कप नुसता बघितला किती जणांनी, आणि 'असा आपल्याकडे मिळेल का, केवढ्याला?' असं विचारलं किती जणांनी. दुसऱ्या रकान्यात दहा नावंही आली नाहीत, तर चाळीससुद्धा करू नका.