बंदूक निवडताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न (पांढरकवडा तालुक्यातील शेतकरी) : टिपेश्वर अभयारण्यापासून आमचं वावर सात-आठ किलोमीटरवर आहे. तूर, सोयाबीन, थोडा भुईमूग. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) रात्रीतून पीक आडवं करतात. बारा बोअरची एकच बंदूक घ्यावी, ती जागलीला कामी यावी आणि पुढेमागे क्ले शूटिंगलाही (हवेत सोडलेल्या तबकड्यांवरची नेमबाजी) चालावी, असा विचार आहे. कोणती घ्यावी?

उत्तर : आधी कागदाचं बोलू. शौकाची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आवळली आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही बंद झाली. शेतकऱ्यासाठी उरलं ते कलम ११. पिकाचं नुकसान करणाऱ्या, अनुसूची २ मधल्या प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारण नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर आणि रोही त्याच अनुसूचीत येतात. हा लेखी आदेश हातात नसेल तर बंदुकीचा परवाना असूनही गोळी झाडता येत नाही. आदेशाने मारलेलं जनावरही सरकारजमा होतं. मांस वाटून घेतलं की तो गुन्हा झाला.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयातली तुमची फाईल इतरांपेक्षा जास्त फिरणार, हे धरून चाला. अर्जात कारण काय लिहिता यालाही महत्त्व आहे. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाशी ठासणीची बंदूक जोडलेली आहे, तर संरक्षण किंवा खेळ या कारणाशी गुळगुळीत नळीची, किमान २० इंच लांबीची बंदूक. नुसतं ‘पीक संरक्षण’ लिहिलं आणि मनात बारा बोअरची दुनळी असली, तर पुढे घोळ होतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला साधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात. घरात वारसाची बंदूक असेल तर तीही त्यात मोजा.

आता बंदुकीकडे. जागलीची बंदूक आणि क्लेची बंदूक यांच्या गरजा उलट्या आहेत. क्लेवाल्याला वजन हवं असतं. साडेतीन किलो किंवा थोडी जास्त, नळ्या २८ ते ३० इंच, एकावर एक. वजनामुळे धक्का कमी बसतो आणि नळी वळवताना मध्येच अडखळत नाही. धुऱ्यावरून फिरणाऱ्याला तीच बंदूक तासाभरात जड होते. त्याला तीन किलोची, २६ किंवा २८ इंची, शेजारी-शेजारी नळ्यांची दुनळी बरी. ट्रॅप या क्ले प्रकाराची खास बंदूक तर मुद्दाम थोडी वर मारते, कारण तबकडी वर चढत असते. जमिनीवरच्या जनावरावर तीच सवय नडते.

दोन्हीसाठी एकच घ्यायची असेल तर आमचं मत स्पष्ट आहे : एकावर एक नळ्या, २८ इंच, ७० मिमी चेंबर (काडतूस बसतं ती जागा), चोक (नळीच्या तोंडाची आवळ) बदलता येणारे, वजन सव्वातीन किलोच्या आसपास, आणि मारा सरळ. ‘स्पोर्टिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बंदुका बहुतेक याच जातीच्या असतात. ऑटोमॅटिकच्या मोहात पडू नका. सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रं नियमांत वेगळ्या, प्रतिबंधित वर्गात येतात. दुकानदार काहीही म्हणो, परवाना शाखेत विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका. मुख्य काम जागलीचंच असेल तर दोन चापांची साधी दुनळी घ्या. एक चाप बिघडला तरी दुसरी नळी चालते, आणि उघडी की आवळलेली नळी हे त्याच क्षणी बोटाने ठरवता येतं.

सुरक्षा खटका नीट पाहून घ्या. शेतातल्या दुनळीत बंदूक उघडली की खटका आपोआप ‘बंद’वर येतो. क्लेच्या बंदुकीत तो बहुधा हातानेच लावावा लागतो. दुनळीची सवय असलेला माणूस क्लेची बंदूक भरून निर्धास्त बसतो आणि ती मात्र झाडायला तयार असते.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी दिलेली आवळ. बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिमी असते. फुल चोकमध्ये ती सुमारे १ मिमीने कमी होते, हाफमध्ये अर्ध्या मिमीने, क्वार्टरमध्ये पाव मिमीने. हिशेब असा : ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात फुल चोकचे ७० टक्के छर्रे बसावेत, हाफचे ६०, क्वार्टरचे ५०च्या वर आणि साध्या नळीचे ४०. पण हा झाला कागदावरचा हिशेब. तुमची नळी आणि तुमचं काडतूस मिळून काय करतात ते फक्त कागदावर झाडूनच कळतं. क्लब किंवा रेंजवर चार फुटी कागद लावा, मध्यावर टिपका काढा, एका कागदावर एकच काडतूस झाडा. असे पाच कागद तरी झाल्याशिवाय मत बनवू नका. छर्ऱ्यांचा झुपका दरवेळी एकाच बाजूला पडत असेल तर दोष चोकचा नाही, दस्त्याच्या मापाचा आहे.

डुकरासाठी मोठे छर्रे, म्हणजे एसजी किंवा एलजी. एलजीच्या काडतुसात छर्रे सहा, एसजीत आठ-नऊ. एवढे थोडे छर्रे फुल चोकमधून काढले की नळीच्या तोंडाशी एकमेकांवर दाबले जातात, आकार बिघडतो आणि झुपका फाटतो. म्हणून क्वार्टर किंवा हाफ वापरा. २५ मीटरच्या पलीकडे झाडू नका. एक-दोन छर्रे पोटात घेऊन डुक्कर तुरीत शिरतं आणि सकाळी निंदायला आलेल्या बाईच्या अंगावर येतं. असं जखमी जनावर शेतात ठेवणं हे पिकाच्या नुकसानीपेक्षा वाईट.

छर्रा किती दूर जातो याचा अंदाज लोकांना नसतो. जुना ठोकताळा असा की छर्ऱ्याचा व्यास इंचात घ्या आणि २२००ने गुणा. उत्तर यार्डांत येतं. क्लेचा ७½ नंबरचा छर्रा सुमारे १९० मीटर जाऊन पडतो. एसजीचा मात्र साडेसहाशे मीटरपर्यंत पोचू शकतो. आपल्याकडच्या सपाट वावरात तेवढ्या अंतरात शेजाऱ्याची मचाण येते, कुणाचा गोठा येतो. मचाणावरून खाली, जमिनीकडे तोंड करूनच झाडा, आणि शेजारी कोण कुठे जागलीला आहे ते दिवसा विचारून ठेवा.

प्रश्न (वरुड तालुका) : आजोबांची जुनी दुनळी आहे. ते गेले. ती वापरण्यासारखी आहे की नाही, कसं कळेल?

उत्तर : परवानाधारक गेल्यावर बंदूक घरात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारस म्हणून अर्ज करा. तपासणी त्या विक्रेत्याकडेच होऊ द्या, पण काय बघायचं ते तुम्हाला माहीत असू द्या.

सर्वांत मोठा धोका चेंबरच्या लांबीचा. जुन्या दुनळ्यांचं चेंबर बहुधा ६५ मिमी, म्हणजे अडीच इंच असतं आणि नळीखाली तसा ठसा असतो. काडतुसावर लिहिलेली लांबी झाडल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची असते. त्यामुळे ७० मिमीचं न झाडलेलं काडतूस ६५च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, बंदूकही बंद होते, आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. झाडताना मात्र काडतुसाचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं, वाट अडते आणि दाब वाढतो. एकदा काही होत नाही, दहादा होत नाही. जुना सांधा मात्र दरवेळी थोडा सैल होत जातो. ठसा पुसट असेल तर गेज लावून मोजून घ्या, अंदाजावर राहू नका.

मग पुढची लाकडी पट्टी काढून नळ्या दस्त्याला जोडा, बंद करा आणि हलवून बघा. सांध्यात खडखड झाली किंवा उजेडापुढे धरल्यावर फट दिसली तर बंदूक सैल झाली आहे. नळ्या सुट्या करून हुकाने लटकवा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा लांबणारा आवाज आला तर ठीक. बद्द आवाज म्हणजे मधली पट्टी कुठेतरी सुटली आहे, आणि सुटलेल्या जागी आत गंज चढतो. शेवटी नळी आकाशाकडे धरून आतून बघा. आत गोल कड्यासारखी सावली दिसली तर तिथे नळी फुगली आहे. तोंडात चिखल असताना कुणीतरी झाडल्याची ती खूण. काळ्या मातीच्या मुलखात हे सर्रास घडतं : बांध ओलांडताना नळी टेकते, माती आत चिकटते आणि वाळून दगड होते. फुगलेली नळी दुरुस्तीला देऊ नका, ती वापरातून काढा. नळीवर नागमोडी नक्षी दिसत असेल तर ती जुन्या दमास्कस पद्धतीची असते. तिच्यातून आजचं काडतूस झाडायचं नाही.

घरात वीस बोअरची काडतुसं असतील तर ती याच्यापासून दूर ठेवा. वीसचं काडतूस बारापेक्षा बारीक असतं, ते बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं, दिसत नाही, आणि मागून बाराचं भरता येतं. ते झाडलं की नळी फुटते, बहुधा डावा हात असतो त्याच ठिकाणी. वीसची काडतुसं पिवळी ठेवण्याची पद्धत याच कारणाने पडली.

प्रश्न (काटोल) : मुलगी १६ वर्षांची आहे. तिला ट्रॅप शिकायचं आहे. उंची पाच फूट दोन इंच. बंदूक कोणती घेऊन द्यावी?

उत्तर : लगेच घेऊ नका. २१च्या आत स्वतःच्या नावावर परवाना मिळत नाही. सरावासाठी नियमांत मुभा आहे, ती क्लब आणि जिल्हा रायफल असोसिएशनमार्फत घ्या. आणि सुरुवात डोळ्यापासून करा. तिला दोन्ही डोळे उघडे ठेवायला सांगा, हात लांब करून तळव्यांच्या फटीतून लांबचा एखादा खांब बघू द्या. मग एकेक डोळा मिटू द्या. ज्या डोळ्याने खांब फटीतच राहतो तो हुकमी डोळा. उजव्या खांद्यावरून झाडणाऱ्या मुलीचा डावा डोळा हुकमी असेल तर मारा कायम डावीकडे जाईल, आणि प्रशिक्षक महिनोन्महिने तिचा हात सुधारत बसेल. या वयात डावा खांदा शिकणं हाच चांगला उपाय. चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटी चिकटपट्टी लावणं ही तडजोड झाली.

तयार बंदुकांचे दस्ते उंच पुरुषांच्या मापाचे असतात. तिला साडेतेरा-पावणेचौदा इंचांच्या आसपासचा लागेल. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावू द्या, मग उघडू द्या. अंगठ्याचं पेर आणि नाक यांत दोन बोटं अंतर हवं. कमी असेल तर धक्क्याने अंगठा नाकावर आदळतो. दस्ता लांब असेल तर तो काखेत अडकतो आणि बंदूक गालाला येतच नाही. गाल टेकल्यावर नळीवरची पट्टी फार दिसली तर मारा वर जातो. पट्टी दिसलीच नाही तर खाली. गालाची उंची बदलता येणारा दस्ता वाढत्या वयाच्या मुलीसाठी पैसे वसूल करतो.

काडतूस २४ ग्रॅमचंच. स्पर्धेची मर्यादाही तीच आहे, आणि ३२ ग्रॅमच्या धक्क्याने मुलं डोळे मिटायला शिकतात. ती सवय मोडायला फार वेळ जातो. खर्चाचा हिशेब असा धरा : एक फेरी २५ तबकड्यांची, आणि ट्रॅपमध्ये एका तबकडीवर दोन काडतुसं झाडता येतात. तबकडी आपल्यापासून दूर पळते म्हणून चोक आवळलेले लागतात, पाऊण आणि फुल. स्कीट या दुसऱ्या क्ले प्रकारात तबकडी समोरून आडवी जाते आणि एकच काडतूस मिळतं, तिथे जवळजवळ उघडी नळी. एकाची बंदूक दुसऱ्याला लावण्याचा आग्रह धरू नका.

प्रश्न (ब्रह्मपुरी) : तित्तिरासाठी कितीचा छर्रा?

उत्तर : कोणताच नाही. तित्तिर, लावा, मोर, हरियल, सगळे कायद्याने संरक्षित आहेत.

प्रश्न (उमरेड) : पावसाळ्यात नळीला गंज धरतो. तेल भरपूर लावतो तरी.

उत्तर : तेल भरपूर लावता म्हणूनच निम्मा त्रास आहे. जास्तीचं तेल बंदूक उभी ठेवली की यंत्रातून दस्त्याच्या लाकडात उतरतं, लाकूड मऊ होतं आणि सांध्याशी तडकतं. आधी फॉस्फर ब्रॉन्झचा ब्रश मारा, मग कोरडं फडकं, पांढरं बाहेर येईपर्यंत, आणि शेवटी दोन थेंब तेल लावलेलं फडकं एकदाच फिरवा. नळीच्या बाहेरून हाताचा घाम पुसायचा राहतो, पहिला डाग तिथेच पडतो. चामड्याच्या म्यानात बंदूक पावसाळाभर ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. कुलूपबंद लोखंडी कपाटात ठेवा, पहिले काही दिवस तोंड खाली करून, म्हणजे तेल पुढे येईल. जुलै ते सप्टेंबर दर आठवड्याला एकदा बाहेर काढून पुसा, न झाडलेली असली तरी.