लिग्निन सडतं, कुजतं की आंबतं?

ऐरोलीच्या एका वाचकांनी सोसायटीच्या खतखड्ड्याशेजारी लावायच्या फलकासाठी वाक्य पाठवलंय: ‘जिवाणू आणि विकरे शहाळ्याच्या सोडणांतलं लिग्निन सडवून उपयुक्त पदार्थ बनवतात.’ (लिग्निन म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा चिवट पदार्थ, विकर म्हणजे एन्झाइम.) सडवून, कुजवून की आंबवून, हा त्यांचा प्रश्न. शिवाय लिग्निन तोडणाऱ्या ‘लॅकेस’ या विकराला मराठी शब्द आहे का?

‘कुजवून’ लिहा. वाशीच्या बाजारात कांदा सडतो, उकिरड्यात शेणखत कुजतं. सडलेलं फेकायचं, कुजलेलं शेतात घालायचं. (कुजकं बोलणं तेवढं कुठेच कामाला येत नाही.) नामही शेतकऱ्यांनी तयार ठेवलंय: मूळकूज, खोडकूज. त्याच चालीवर बुरशीने लाकडाची केलेली पांढरी कूज आणि तपकिरी कूज. येऊरला पडलेला ओंडका नखाने उकरून बघा. पांढरट, धागेदार भुसा निघाला तर बुरशीने लिग्निन फस्त केलंय आणि सेल्युलोज, म्हणजे लाकडातले तंतू, बरंचसं मागे राहिलंय. तपकिरी, चौकोनी ढलप्या पडल्या तर नेमकं उलट.

‘आंबवून’ नकोच. आंबणं हवेवाचूनही चालतं, पण लिग्निन तोडणाऱ्या विकरांना ऑक्सिजन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. ठाणे खाडीत तिवरांखालच्या काळ्या चिखलात हवा पोचत नाही, म्हणून तिथे रुतलेलं लाकूड कुजायला फार वेळ घेतं.

आता ‘जिवाणू आणि विकरे’. सुताराने आणि पटाशीने मिळून दार केलं, असं आपण म्हणत नाही. विकरं जिवाणूंचीच. लिग्निनचा रेणू पेशीत शिरणार नाही इतका मोठा, म्हणून विकरं बाहेर सोडायची आणि तुटलेले तुकडे आत घ्यायचे. आणि आत घेतात ते स्वतःच्या पोटासाठी! ‘बनवतात’ने उगाच वाटतं की ते आपल्यासाठी राबताहेत. आपल्याला हवं ते मिळवायला त्यांना मध्येच अडवावं लागतं. ऱ्होडोकॉकस जिवाणूतलं व्हॅनिलिन (लिग्निन तुटताना बनणारा, व्हॅनिलाच्या वासाचा पदार्थ) पुढे पचवणारं जनुक शास्त्रज्ञांनी काढून टाकलं, तेव्हा गव्हाच्या काडावर वाढताना त्याच्याकडे व्हॅनिलिन साठू लागलं. हे 2013 सालचं. स्यूडोमोनस पुटिडा या जिवाणूकडून असंच म्युकॉनिक आम्ल मिळवतात, त्यापासून अ‍ॅडिपिक आम्ल आणि पुढे नायलॉन.

तुमच्या खड्ड्यातून निघणार ते खत, व्हॅनिलिन नव्हे. तेव्हा वाक्य असं करा: ‘बुरशी आणि जिवाणू आपल्या विकरांनी सोडणांतलं लिग्निन सावकाश कुजवतात, त्याचं खत होतं.’ बुरशी आवर्जून लिहा, या कामात ती जिवाणूंच्या पुढे आहे.

लॅकेसला नवा शब्द घडवू नका. 1883 मध्ये योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाला हे विकर लॅकरच्या (लाकडावर चढवायच्या चकचकीत रोगणाच्या) झाडाच्या चिकात आढळलं, नाव पुढे त्यावरूनच पडलं. आणि लॅकर हा शब्द फारसी, अरबी, लॅटिन असा फिरत युरोपात गेला तो आपल्याकडच्या ‘लाक्षा’, म्हणजे लाखेपासून. लाख किड्याची, हा चीक झाडाचा. वस्तू वेगळ्या, शब्द मात्र लाक्षागृहातलाच.