भाग सरकवला की स्केच कुठे जातं? फ्रीकॅडमधल्या जोडणीबद्दल वाचकांचे प्रश्न

फ्रीकॅड या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भाग हलवताना अटॅचमेंट, म्हणजे स्केचची फेसशी किंवा पातळीशी असलेली जोडणी, कशी वागते, यावर आलेल्या प्रश्नांपैकी पाच या अंकात घेतले आहेत. उत्तरं नोव्हेंबर २०२४मध्ये आलेली १.० आवृत्ती धरून दिली आहेत.

प्रश्न : फेसवर (भागाच्या पृष्ठभागावर) काढलेलं स्केच (सपाट रेखाकृती) १५ मिमी बाजूला न्यायचं आहे, पण डेटा टॅबमध्ये प्लेसमेंटचे (जागेचे) आकडे करडे दिसतात आणि बदलता येत नाहीत.

ते बरोबरच आहे. स्केच फेसला अटॅच झालं की त्याची जागा फेस ठरवतो आणि प्लेसमेंटमध्ये फक्त त्या हिशेबाचं उत्तर दिसतं. आपला आकडा लिहायचा तो 'अटॅचमेंट ऑफसेट'मध्ये. झाडात (मॉडेलचे घटक दाखवणाऱ्या यादीत) स्केच निवडा, डेटा टॅबमधल्या 'मॅप मोड'च्या (जोडणीच्या पद्धतीच्या) ओळीवर क्लिक करा आणि उजवीकडचं तीन टिंबांचं बटण दाबा. उघडलेल्या खिडकीत एक्ससमोर १५ लिहा.

इथले अक्ष जोडणीचे असतात, जगाचे नव्हेत. झेड नेहमी फेसच्या बाहेर बघतो, म्हणजे तळाच्या फेसवर झेड +५ दिलं तर स्केच खाली जातं. एक घोटाळा इथेच होतो. झेडमध्ये +५ देऊन स्केच फेसपासून वर उचललं आणि ६ मिमीचा पॉकेट (स्केचवरून कोरलेला खड्डा) मारला, तर त्यातले ५ मिमी हवेत जातात आणि मालात फक्त १ मिमीचा खड्डा पडतो.

मॅप मोड 'डिॲक्टिव्हेटेड' केला तर प्लेसमेंट मोकळं होतं, पण मग फेस हलला तरी स्केच आहे तिथेच राहतं. निव्वळ आकडे लिहिता यावेत म्हणून हा मार्ग धरू नका.

प्रश्न : ८० × ५० × ६ मिमीच्या प्लेटवर वरच्या फेसला स्केच जोडून मधोमध भोक पाडलं. लांबी १०० केली तर भोक मध्यावरून हललं. जोडलेलं असूनही असं का?

भोक हललंच नाही, प्लेट एका बाजूला वाढली. 'फ्लॅट फेस' मोडमध्ये स्केचचा शून्यबिंदू फेसच्या मध्यावर नसतो आणि कोपऱ्यावरही नसतो. बॉडीचा (एका भागाच्या सगळ्या पायऱ्या ज्यात असतात त्या गटाचा) ओरिजिन, म्हणजे मूळ शून्यबिंदू, त्या फेसच्या पातळीवर लंब टाकून जिथे पडतो, तिथे तो असतो. म्हणून जाडी ६ची १० केली की स्केच निमूट ४ मिमी वर चढतं, पण लांबी-रुंदी बदलली तर त्याला पत्ताही लागत नाही. तुमच्या प्लेटचा कोपरा ओरिजिनवर आहे आणि भोकाला ४० व २५ ही मापं ओरिजिनपासून दिली आहेत. लांबी १०० झाली तरी ४०चे ४०च राहणार, मध्य मात्र ५०वर गेला.

उपाय दोन. सोपा उपाय म्हणजे पहिल्याच स्केचमध्ये आयताचे समोरासमोरचे दोन कोपरे आणि ओरिजिन निवडून 'सिमेट्रिक' (दोन्हीकडे समान अंतर ठेवणारं) बंधन घालणं. मग प्लेट दोन्हीकडे सारखी वाढते आणि भोक ओरिजिनवर ठेवलं की काम संपतं. प्लेट आधीच पुढे गेली असेल, तर भोकाच्या स्केचमध्ये 'एक्स्टर्नल जॉमेट्री'ने प्लेटच्या कडा आणा आणि भोकाचं केंद्र त्यांच्या टोकांशी सिमेट्रिक करा. आमचा कौल पहिल्या उपायाला, कारण बाहेरून आणलेली प्रत्येक कड ही आणखी एक तुटू शकणारी दोरी असते.

प्रश्न : मधेच एक फिलेट (कडेची गोलाई) घातला आणि स्केच भलत्याच फेसवर जाऊन बसलं.

जुन्या आवृत्तीत हे हमखास होतं. जोडणी 'फेस६' अशा क्रमांकावर असते आणि आधीच्या पायरीत फेस वाढला-घटला की क्रमांक बदलतात. तेव्हा जो फेस६ असेल त्यावर स्केच जातं, आणि बऱ्याचदा चूक दाखवणारी लाल खूणही येत नाही. १.०मध्ये हा त्रास बराच आटोक्यात आला आहे, पूर्ण गेलेला नाही. महत्त्वाची स्केचेस फेसऐवजी बॉडीच्या एक्सवाय, एक्सझेड, वायझेड पातळ्यांना जोडा आणि उंची अटॅचमेंट ऑफसेटमध्ये द्या. ती उंची स्प्रेडशीटमधून घेतली तर उत्तम. फिलेट, चॅम्फर (कडेचा तिरका काप) शेवटी घाला.

प्रश्न : झाकणाचं स्केच डब्याच्या फेसला जोडायला गेलो तर 'अलाउड स्कोप'ची तक्रार येते. दोघांच्या बॉडी वेगळ्या आहेत.

एका बॉडीतलं स्केच दुसऱ्या बॉडीच्या फेसला थेट जोडू नये. झाकणाची बॉडी ॲक्टिव्ह करा, डब्याचा फेस निवडा, 'सब-शेप बाइंडर' (दुसऱ्या बॉडीतल्या आकाराची मूळाशी बांधलेली प्रत) घाला आणि स्केच त्या बाइंडरला जोडा. पुढे डब्याची बॉडी हलवली की बाइंडर सोबत सरकतो. साधा 'शेप बाइंडर' घेतला तर त्यातलं 'ट्रेस सपोर्ट' (मूळ भागामागे सरकण्याची सोय) मुळात बंद असतं, त्यामुळे डबा गेला तरी प्रत जागीच राहते. उलट दिशेने, म्हणजे डब्यातही झाकणाचा बाइंडर, असं करू नका. गोल फिरणारं अवलंबन तयार होतं.

आणि हलवायची ती बॉडी. आतला पॅड (स्केचला जाडी देऊन केलेला घन) किंवा पॉकेट सुटा ओढून उपयोग नाही, कारण त्याची जागा मागच्या पायऱ्यांवरून ठरते. बॉडीचं प्लेसमेंट बदललं की आतलं सगळं एकत्र जातं.

प्रश्न : असेंब्लीत (अनेक भागांच्या जुळणीत) भागाचं प्लेसमेंट बदललं तरी तो परत जुन्या जागी येतो.

जॉइंट (दोन भागांमधला सांधा) त्याला ओढून आणतो. झाडात जॉइंटवर डबल-क्लिक करून तिथला ऑफसेट बदला. हाताने ओढताना भाग उरलेल्या मोकळीकीतच हलतो. रिव्हॉल्यूट असेल तर फक्त फिरेल, स्लायडर असेल तर फक्त सरकेल, सिलिंड्रिकल असेल तर दोन्ही. पिनसाठी जोडबिंदू निवडताना भोकाची गोल कड धरा, म्हणजे बिंदू आपोआप केंद्रावर बसतो आणि झेड भोकाच्या अक्षावर येतो. भोकाशेजारचा सपाट फेस धरला तर बिंदू भलतीकडे बसतो आणि पिन भोकाबाहेर उभी राहते. एकही भाग 'ग्राउंडेड' (जागेवर पक्का केलेला) नसेल तर सॉल्व्हर (भागांच्या जागा काढणारा गणिती भाग) चालतच नाही, तेव्हा जॉइंट बिघडला म्हणण्याआधी ते पाहा.