तालुक्याच्या गावात फायबर घ्यायचंय. स्थानिक केबलवाल्याकडून घ्यावं की मोठ्या कंपनीकडून?

चिपळूणजवळचं गाव, वडिलांना टीव्ही लागतो आणि मुलगी घरून काम करते, असं तुम्ही लिहिलंय. मी कोकणातच फायबरच्या लाइनवर काम करतो. माझ्या मते प्लॅन आणि एमबीपीएस नंतर बघा. तुमच्या वाडीत केबल तुटली तर जोडायला कोण येणार आणि त्याच्याकडे स्वतःचं स्प्लाइसिंग मशीन (तुटलेलं फायबर जोडणारं यंत्र) आहे का, हे आधी विचारा.

नाव मोठ्या कंपनीचं असलं तरी गावात पोलवर चढणारा माणूस बहुतेक वेळा तिथलाच असतो. बीएसएनएलचं फायबर बऱ्याच ठिकाणी भागीदार केबलवाल्यांमार्फतच घरात येतं, रेल्वेची कंपनी रेलटेल, तिच्या रेलवायरचंही तसंच. त्यामुळे बिलावर कोणाचं नाव आहे यावर फारसं काही ठरत नाही.

आमच्याकडे पावसात फांदी पडून केबल तुटते, रस्त्याच्या कामात जेसीबी ती उपटतो, माकडं लोंबकळतात ती वेगळीच. केबलच्या आतली, जोडायची काच १२५ मायक्रॉन जाडीची, जवळजवळ केसाएवढी. वरचं आवरण सोलायचं, काच स्पिरिटने पुसायची, क्लीव्हरने सरळ कापायची, मग मशीन दोन्ही टोकं समोरासमोर आणून वितळवून जोडतं. नीट मारलेल्या जॉइंटमध्ये ०.१ डीबीसुद्धा (डीबी म्हणजे प्रकाशाची घट मोजायचं माप) प्रकाश वाया जात नाही. हेच काम भर पावसात, डोक्यावर प्लास्टिक धरून करायचं असतं. मशीन दुसऱ्या तालुक्यातून मागवावं लागत असेल तर तुमचे दोन दिवस गेलेच म्हणून समजा.

कनेक्शन देताना मीटर लावून घरात येणाऱ्या प्रकाशाची पॉवर दाखवायला सांगा. मायनस १८ ते मायनस २४ डीबीएमच्या दरम्यान आली तर उत्तम. मायनस २७ च्या आसपास असेल तर घेऊ नका, पहिल्या पावसात ओएनयूवर (घरात फायबर जिथे लागतं तो डबा) लाल लाइट लागेल. एका फायबरचा प्रकाश ३२ घरांत वाटणारा स्प्लिटर एकटाच साधारण १७ डीबी खातो, त्यामुळे पुढे वाया घालवायला फार काही उरत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात करकचून वळवलेली किंवा खिळ्याने दाबलेली ड्रॉप केबल (पोलवरून घरात येणारी) तिथल्या तिथे बदलून घ्या.

मुलीच्या कामासाठी शेजाऱ्याकडे रात्री नऊ वाजता स्पीड बघा. दुपारी सगळ्यांचंच नेट धावतं. रात्री रोज वेग पडत असेल तर केबलवाल्याने मागून बँडविड्थ कमी घेतलेली असण्याची शक्यता जास्त, तुमच्या घरातलं राउटर बदलून काही होणार नाही.

वडिलांच्या टीव्हीसाठी एकच विचारा: वाहिन्या त्याच फायबरवरून वेगळ्या येतात की इंटरनेटवरून? काही केबलवाले टीव्हीचा सिग्नल १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवतात आणि नेट १४९० वर. अशा लाइनवर मागून नेट बंद पडलं तरी मालिका आणि बातम्या चालू राहतात. ॲपवरून टीव्ही असेल तर नेटबरोबर तोही जातो. सत्तरीतल्या माणसाला हा फरक रोज जाणवतो, म्हणून मी स्वतः पहिला प्रकार निवडेन.

आणि वीज. कोकणात लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही. घरातल्या ओएनयूला छोटा यूपीएस लावाल, पण तिकडे केबलवाल्याकडच्या ओएलटीलाच (सगळ्या घरांना सिग्नल पाठवणारं मशीन) बॅटरी नसेल तर त्याचा उपयोग शून्य. किती तासांचा बॅकअप आहे ते केबलवाल्याला तोंडावर विचारा. खरंच बॅकअप असेल तर तो लगेच आकडा सांगतो.

वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका, स्वस्त पडत असलं तरी. जून ते ऑगस्ट महिन्या-महिन्याने भरा, मग ठरवा. जोडणी होताना घराजवळ थोडी जादा केबल गुंडाळून ठेवायला सांगा, पुढच्या वेळी जॉइंट मारायला तीच लागते.