मेंदूवरच्या अल्ट्रासाऊंडसाठी डॉक्टरच व्हायला हवं का?

प्रश्न : मुलीचं शालेय शिक्षण यंदा संपतंय. भौतिकशास्त्र आणि गणित तिच्या आवडीचे विषय. अल्ट्रासाऊंडने मेंदूला चालना देऊन हाताचा कंप थांबवतात, असं तिने वाचलं आणि तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ म्हणते. मेंदूवर काम करायचं तर डॉक्टरच व्हायला हवं, असं आम्हाला वाटतं. पण तिला रक्त पाहवत नाही. काय करावं? – एक आई

उत्तर : नमस्कार. तुमच्या मुलीने वाचलेल्या उपचारात मेंदूला चालना देत नाहीत, हे आधी सांगायला हवं. त्यात डोक्यावर हेल्मेटसारखं उपकरण बसवतात. त्यातल्या हजारभर छोट्या स्रोतांमधून निघालेल्या ध्वनिलहरी थॅलॅमस या मेंदूच्या आत खोलवर असलेल्या भागातल्या एका बारीकशा जागी एकवटतात आणि तिथलं तापमान ५५-६० अंशांपर्यंत चढवून तेवढा भाग कायमचा निकामी करतात. रुग्ण एमआरआय यंत्रात जागाच असतो. अमेरिकेत या उपचाराला २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

चालना देण्याचं तंत्र वेगळं आहे. त्यात लहरींची तीव्रता इतकी कमी ठेवतात की पेशी जळत नाहीत, त्यांचं काम फक्त काही काळापुरतं बदलतं. चालना देण्याचे इतर मार्गही आहेत, पण चुंबकीय उत्तेजनाचा (डोक्याबाहेरून चुंबकाने चालना देण्याचा) परिणाम मुख्यतः मेंदूच्या वरच्या थरांवर होतो, आणि खोलवर विजेचा इलेक्ट्रोड बसवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागते. अल्ट्रासाऊंड मात्र कापाकापी न करता खोल पोहोचतं, म्हणून त्याचं एवढं आकर्षण. नैराश्य, अपस्मार, जुनाट वेदना यांवर चाचण्या चालू आहेत. पण तो अजून रोजच्या वापरातला उपचार झालेला नाही. तुमची मुलगी शिकून बाहेर पडेल तेव्हा चित्र बरंच बदललेलं असेल, कोणत्या दिशेने ते आज कुणीच छातीठोकपणे सांगू नये.

आता डॉक्टरकीबद्दल. या क्षेत्रातली मोठी अडचण आहे कवटी. हाडातून ध्वनी मऊ ऊतींपेक्षा बराच वेगाने जातो, आणि कवटीची जाडी जागोजागी, माणसागणिक निराळी. त्यामुळे एकत्र निघालेल्या लहरी पुढेमागे होतात आणि नेम विस्कटतो. मग त्या माणसाच्या सीटी स्कॅनवरून प्रत्येक स्रोत किती उशिरा सुरू करायचा, याचं गणित मांडावं लागतं. वारंवारता वाढवली तर नेम बारीक होतो, पण हाड ऊर्जा शोषून घेतं. म्हणून पोटाच्या सोनोग्राफीला काही मेगाहर्ट्‌झ वापरतात, तर इथे साधारण अर्ध्या मेगाहर्ट्‌झच्या आसपास राहावं लागतं. हे सगळं भौतिकशास्त्र आणि संगणकीय गणित आहे, म्हणजे तुमच्या मुलीच्या आवडीचंच!

दुसरी अडचण मला अधिक मोलाची वाटते. २०१८ मध्ये दोन संशोधक गटांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की अल्ट्रासाऊंडला मिळणारा मेंदूचा प्रतिसाद पुष्कळदा थेट नसतो, कानावाटे आलेला असतो. श्रवणाचा मार्ग बंद केला की तो प्रतिसाद नाहीसा व्हायचा किंवा घटायचा. तेव्हापासून कानाचा हा परिणाम वगळून प्रयोग करणं अत्यावश्यक झालं. स्वतःच्या निकालावर अशी शंका घेणारी माणसं या कामाला हवी आहेत.

रक्ताची भीती बऱ्याच मुलांची सवयीने जाते, तेव्हा केवळ त्या भीतीवरून निर्णय घेऊ नका. रुग्णाशी बोलणं, निदान करणं, कुणावर उपचार करायचा हे ठरवणं तिला भावत असेल तर न्यूरॉलॉजी किंवा मानसोपचाराची वाट घ्यावी. पण पत्रावरून मला तरी भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंग बरोबर वाटतं. पुढे पदव्युत्तर शिक्षण, बहुधा पीएचडीही लागेल. इतकी वर्षं शिकायची घरातल्या सगळ्यांची तयारी हवी. पहिलीच पदवी फार अरुंद घेऊ नका. लहरी आणि सिग्नल प्रोसेसिंग (लहरींमधून माहिती काढण्याचं तंत्र) पक्कं असेल तर सोनोग्राफी, सोनार (पाण्याखालच्या वस्तू ध्वनीने शोधण्याचं तंत्र), भूकंपशास्त्र अशी कितीतरी दारं उघडी राहतात.

सध्या तिला पायथॉन या संगणकाच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहायला सांगा : दोन स्रोतांमधून लहरी सोडायच्या आणि एकाला उशीर करून त्यांचा जोर हव्या त्या जागी आणायचा. त्यात ती तहानभूक विसरते का, ते पाहा. आणि प्रवेश घेण्याआधी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम दोघींनी मिळून वाचा. त्यात रेषीय बीजगणित, लहरी आणि प्रोग्रॅमिंग नसेल तर कोर्सचं नाव कितीही आकर्षक असलं, तरी तो घेऊ नका.