वाचकांचे प्रश्न : सीताफळाला फुले भरपूर, फळे मोजकीच

प्रश्न : आमच्या परसात सीताफळाची दोन झाडे आहेत. उन्हाळ्यात ती फुलांनी लगडतात, पण बहुतेक फुले सुकून गळून जातात. जी थोडी फळे धरतात, त्यांतील काही एका बाजूने खुरटलेली असतात. शेजारी म्हणतात की ही झाडे नर आहेत, ती काढून टाका. काय करावे?
– एक वाचक, सासवड

उत्तर : झाडे मुळीच काढू नयेत. सीताफळात नर झाड आणि मादी झाड असा भेद नसतो. प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, आणि आपल्या झाडांना थोडी का होईना फळे लागतात हाच त्याचा पुरावा आहे. अडचण आहे ती वेळेची. सीताफळाच्या फुलातील मादी भाग आधी पक्व होतो आणि नर भाग नंतर. फुलाच्या जाड, हिरवट पाकळ्या जेमतेम विलग होतात, तेव्हा मधल्या शंकूवरच्या कुक्षी (स्त्रीकेसरांची टोके) ओलसर आणि चिकट असतात. म्हणजेच त्या परागकण स्वीकारायला तयार असतात, मात्र त्यांच्याभोवती दाटीने बसलेले परागकोश (पुंकेसरांतील परागांच्या पिशव्या) अजून मिटलेले असतात. पुढे पाकळ्या पूर्ण फाकतात आणि परागकोश फुटतात, पण तोवर त्याच फुलाच्या कुक्षी सुकून तपकिरी पडलेल्या असतात. त्यामुळे एकच फूल आधी मादी आणि मग नर अशा दोन भूमिका बजावते, आणि त्याचे पराग त्याच्या स्वतःच्या उपयोगी सहसा पडत नाहीत. झाडावर दोन्ही अवस्थांतील फुले एकाच वेळी असतात, म्हणून एकट्या झाडालाही फळे धरू शकतात. प्रश्न एवढाच उरतो की एका फुलातील पराग दुसऱ्या फुलापर्यंत कोणी न्यायचे.

हे काम मधमाश्या करतील अशी अपेक्षा ठेवू नये, कारण खाली झुकलेल्या, अर्धवट मिटलेल्या या फुलाकडे त्या फारशा फिरकत नाहीत. पिकलेल्या फळासारख्या वासाने ओढले जाणारे बारीक, काळपट-तपकिरी भुंगेरे या फुलांत शिरतात, आत वावरतात आणि अंगाला चिकटलेले पराग घेऊन दुसऱ्या फुलात जातात. हे भुंगेरे कुजणाऱ्या फळांवर वाढतात. त्यामुळे परसातील झाडाखाली थोडी सडकी फळे राहू देणे हे अस्वच्छ वाटले तरी फायद्याचे ठरते, तर फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशक फवारणे म्हणजे आपल्याच मदतनिसांना मारणे होय. दुसरे कारण हवामानाचे आहे. एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या, तापलेल्या हवेत कुक्षींवरचा ओलावा लवकर आटतो आणि पराग पोहोचले तरी रुजत नाहीत. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की फळे धरण्याचे प्रमाण आपोआप वाढते, म्हणून उन्हाळ्यातील गळ पाहून निराश होण्याचे कारण नाही.

खुरटलेल्या फळाचे उत्तरही परागीकरणातच आहे. सीताफळ हे एका फुलातील अनेक स्वतंत्र अंडाशय एकत्र येऊन बनलेले फळ आहे. प्रत्येक अंडाशयात एकच बीजांड, म्हणजे भावी बी, असते, आणि वरून दिसणारा एक डोळा म्हणजे असा एक अंडाशय. ज्या बाजूच्या कुक्षींना पराग मिळाले, ते डोळे फुगतात. ज्यांना मिळाले नाहीत, ते तसेच राहतात आणि फळ वाकडे होते.

दोनच झाडे असतील तर हे काम हाताने करणे सहज जमण्यासारखे आहे. सकाळी लवकर पूर्ण उमललेली, टिचकी मारताच पुंकेसर झडणारी फुले शोधून ते पुंकेसर व पराग एखाद्या कोरड्या वाटीत गोळा करावेत. चित्रकलेच्या मऊ, बारीक कुंचल्याने ते पराग नुकत्याच विलग होऊ लागलेल्या फुलातील चिकट शंकूवर लावावेत, आणि कुंचला सर्व बाजूंनी फिरवावा. पराग लवकर निर्जीव होतात, म्हणून त्याच सकाळी वापरावेत. मोठ्या बागेत एकेका फुलाला असा हात लावण्याची मजुरी परवडेल का, याबद्दल मला शंका वाटते. परसासाठी मात्र ही पद्धत निःसंकोच सुचवतो.

प्रश्न : परागकण कुक्षीवर पडला म्हणजे फलन झाले असे समजावे का? मुलीच्या दहावीच्या पुस्तकात ‘द्विफलन’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ मला तिला समजावून सांगता आला नाही.
– एक वाचक, लातूर

उत्तर : परागीभवन म्हणजे केवळ पोहोचणे, फलन त्यानंतरचे. कुक्षीवर परागकण रुजतो आणि त्यातून एक सूक्ष्म नलिका निघून बीजांडाकडे वाढत जाते. सीताफळात ही वाट अगदी थोडी असते, पण मक्याच्या कणसाचा प्रत्येक केस हा एकेका दाण्याचा स्त्रीकेसर असल्यामुळे तेथे नलिकेला त्या केसाची सारी लांबी पार करावी लागते. ज्या केसाला तुऱ्यावरचे पराग मिळत नाहीत, त्याच्या जागी कणसात दाणा भरत नाही. परागनलिकेतून दोन पुंयुग्मके, म्हणजे नर जननपेशी, बीजांडातील भ्रूणकोशात पोहोचतात. त्यांपैकी एक अंडपेशीशी एकरूप होते आणि त्यातून पुढे भ्रूण, म्हणजे भावी रोप तयार होते. दुसरे पुंयुग्मक भ्रूणकोशाच्या मध्यभागी असलेल्या दोन केंद्रकांशी मिळते आणि त्यातून भ्रूणाचे अन्न असलेला भ्रूणपोष बनतो. एकाच बीजांडात अशी दोन मीलने होतात, म्हणून द्विफलन. सर्गेई नवाशिन या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1898 मध्ये लिलीच्या कुळातील वनस्पतींत ही क्रिया प्रथम दाखवून दिली.

मुलीला समजावताना नारळ हाती घ्यावा. शहाळ्याचे पाणी आणि पांढरे खोबरे ही दोन्ही भ्रूणपोषाचीच रूपे आहेत, आणि डोळ्याखाली दडलेला लहानसा कोंब हा भ्रूण आहे. गहू, तांदूळ आणि ज्वारी यांच्या दाण्याचा बहुतांश भागही भ्रूणपोषच असतो, त्यामुळे आपले रोजचे जेवण बरेचसे या दुसऱ्या मीलनावर चालते. हरभरा, वाटाणा यांसारख्या कडधान्यांत मात्र बी पक्व होईपर्यंत भ्रूण तो साठा संपवून टाकतो, आणि आपण डाळ म्हणून खातो ती भ्रूणाची दले असतात.

प्रश्न : घरच्या पपईच्या बिया लावल्या, तर निम्मी झाडे नर निघाली. रोप लहान असतानाच नर-मादी ओळखता येते का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : केवळ पाहून नाही, फुले येईपर्यंत थांबावे लागते. नर झाडाला लांब, लोंबत्या देठांवर लहान फुलांचे घोस येतात, तर मादी फूल मोठे असते आणि ते पानाच्या बेचक्यात खोडालगत लागते. म्हणून अशा जातींत एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुले दिसल्यावर नको ती काढावीत. सर्व नर काढू नयेत. परागांसाठी दहातील एक ठेवावे. तैवान 786 सारख्या जातींत नर झाडे नसतात, उभयलिंगी आणि मादी अशी दोनच प्रकारची झाडे निघतात.