बारा इंची टोनआर्म घेतल्याने आवाज खरोखर सुधारतो का?

रेकॉर्ड प्लेयरवरील नऊ इंची टोनआर्म (सुईला रेकॉर्डवर धरून ठेवणारी दांडी) काढून बारा इंची बसवला तर खर्चाच्या मानाने आवाज सुधारेल का, असे आपण विचारले आहे. फरक पडतो; परंतु कार्ट्रिज (दांडीच्या टोकाचा, सुई असलेला भाग) अचूक बसवलेले नसेल तर तो ऐकू येणार नाही, म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी आहे तो आर्म नीट जुळवून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ तबकडी कापणारी सुई त्रिज्येवरून सरळ रेषेत सरकते. आपला आर्म मात्र एका टोकाभोवती फिरतो, त्यामुळे सुईचा मार्ग वक्र होतो आणि रेकॉर्डवरील दोन त्रिज्या (प्रचलित मांडणीत सुमारे ६६ व १२१ मिलिमीटर) सोडल्यास ती सर्वत्र खाचेला किंचित तिरकी राहते. बाहेरच्या कडेला हा तिरकेपणा नऊ इंची आर्ममध्ये साधारण २ अंश आणि बारा इंचीमध्ये दीड अंशाच्या आत असतो. त्यातून आवाजात येणारी विकृतीही सुमारे पाव हिश्श्याने घटते. हा लाभ आतल्या खाचांत अधिक मोलाचा ठरतो, कारण सुईखालून खाच सरकण्याचा वेग बाहेर सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो आणि आत तो २१ पर्यंत उतरतो. ख्यालाच्या एलपीवर द्रुत लयीतील ताना बहुधा तिथेच येतात.

आता दुसरी बाजू. सुईचे टोक ओव्हरहँगमध्ये (म्हणजे तबकडीच्या मध्यापलीकडे ते जितके पुढे पोहोचते त्या अंतरात) केवळ १ मिलिमीटर चुकले, तर ६० मिलिमीटर त्रिज्येवर जवळपास १ अंशाची चूक होते, मग आर्म कितीही लांब असो. म्हणजे लांबीने मिळवलेला अर्धा अंश त्या एका मिलिमीटरात बुडतो. प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिज जुळवण्यासाठीच्या रेषा आखलेल्या पट्टीवर) जुळवताना कार्ट्रिजच्या कडेकडे न पाहता, भिंगातून कँटिलिव्हर (सुई जिच्या टोकाला असते ती बारीक काडी) रेषांना समांतर आहे का, हे पाहावे.

वस्तुमानाचाही विचार करावा लागतो. लांब आर्मचे परिणामी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारा आर्मचा भार) सहसा जास्त असते. ऑर्टोफॉन २एम रेडसारखे ७.२ ग्रॅमचे, मऊ निलंबनाचे (ज्यात सुईची काडी सहज लवते असे) कार्ट्रिज १२ ग्रॅम परिणामी वस्तुमानाच्या आर्मवर सुमारे ८ हर्ट्झला अनुनाद देते, म्हणजे त्या वारंवारतेला आर्म आणि कार्ट्रिज आपोआप जोरात थरथरू लागतात. १८ ग्रॅमच्या आर्मवर तो ७ वर येतो आणि वाकलेल्या रेकॉर्डच्या हेलकाव्यांच्या वारंवारतेकडे सरकतो. ८ ते १२ हर्ट्झ ही सुरक्षित मर्यादा मानली जाते. डेनॉन डीएल-१०३ सारख्या ताठ कार्ट्रिजला मात्र हेच जादा वजन मानवते. शिवाय लांब आर्ममध्ये कार्ट्रिजचा आर्मशी असलेला कोन कमी असल्याने सुईला आत खेचणारे बलही घटते.

आपले कार्ट्रिज मऊ निलंबनाचे असेल, तर नऊ इंचीच ठेवून चांगल्या प्रोट्रॅक्टरवर आणि सुईवर खर्च करावा. ते ताठ असेल आणि टर्नटेबलच्या बैठकीवर लांब आर्मसाठी जागा असेल, तर बारा इंची जरूर घ्यावा.